पोरगा म्हणतो, तू पण तर दिवसभर फोनवरच असतेस

"नमस्कार मावशी, मी नाशिकला इंदिरानगरला राहते. मिस्टर अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहेत, मुलगा सातवीत, सासरे नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत ते आमच्याकडेच असतात. मागच्या मंगळवारी रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, उद्या चार्ट पेपरवर पाच प्रकारची पानं चिकटवून आणा. मुलगा तेव्हा माझ्याच फोनवर गेम खेळत होता, त्याने मेसेज बघितला आणि वर सारून टाकला. मला साडेदहाला दुसऱ्या एका आईचा फोन आला तेव्हा कळलं. माझं डोकंच फिरलं, फोन ओढला आणि सोफ्यावर फेकला, तो उडून फरशीवर पडला, काच तडकली. मुलगा रडत रडत म्हणाला, तू पण तर दिवसभर फोनवरच असतेस, तुला कोण ओरडतं? मिस्टर म्हणतात घरातलं वायफायच काढून टाकतो. पण पाणी कधी येणार ते वॉर्डाच्या ग्रुपवर येतं, सोसायटीचा ग्रुप आहे, बाबांच्या पेन्शनचं, लाईटबिल, गॅस, शाळेची फी सगळं माझ्याच फोनवरून होतं. काढू का वायफाय? आणि मी खरंच वाईट आई आहे का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मनात असताना बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणारच नाही. नाही, तू वाईट आई नाहीस. फोन फेकलास ते चुकलं, त्याबद्दल त्याला सॉरी म्हण, आजच म्हण, आणि म्हणताना "पण तू मेसेज का नाही सांगितलास" असं शेपूट लावू नकोस. मेसेजचं उद्या बोल. आज फक्त सॉरी.

आता तुझं पत्र. मी ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन बसले, आणि तू फोनवर काय काय करतेस ते एका कागदावर उतरवलं. शाळेचा ग्रुप, वॉर्डाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सासऱ्यांची पेन्शन, लाईटबिल, गॅस, फी. सात कामं झाली. ह्यातलं तुझं स्वतःचं काय होतं सांग बरं? एकही नाही. तुझ्या घरात जे चाललंय त्याला सगळे फोनचं व्यसन म्हणतायत आणि मला ती कारकुनी दिसतेय, अख्ख्या घराची कारकुनी, जी कोणी तुला विचारून दिलेली नाही, ती आपोआप तुझ्या हातात येऊन पडलीये कारण फोन तुझ्या हातात होता.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं आठव. लाईटबिल भरायला घरातला पुरुष रांगेत उभा राहायचा. पेन्शनीचं काम म्हातारे स्वतः बँकेत जाऊन करायचे, तिथे चार जुने मित्र भेटायचे, चहा व्हायचा, अर्धा दिवस बरा जायचा. शाळेचा निरोप पोरगं डायरीत लिहून आणायचं, विसरलं तर ओरडा त्यालाच बसायचा. पाणी येणार नाही हे शेजारची काकू गॅलरीतून ओरडून सांगायची नाहीतर रिक्षा फिरायची भोंगा लावून. म्हणजे हेच काम चार-पाच माणसांत वाटलेलं होतं. इंटरनेट आलं, सगळं सोपं झालं असं म्हणतात आणि ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही, रांगा गेल्या, खेटे वाचले. पण ज्यांच्या रांगा गेल्या ते मोकळे झाले आणि काम मात्र सगळं एका माणसाकडे सरकलं, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई.

आणि आता हेच तुझ्या मुलाच्या जागी बसून बघ. तू ओट्यापाशी उभी आहेस, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलाय, एका हाताने पोळी उलटतेस आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीने, कारण बाकीच्या बोटांना पीठ आहे, स्क्रीन वर ढकलतेस. तो दारात येऊन काहीतरी सांगतोय, आज पीटीच्या तासाला काय झालं वगैरे, तू "हं, हं" करतेस. तू बघत असतेस सासऱ्यांचा पेन्शनचा मेसेज, पण त्याला तो मेसेज दिसत नाही गं, त्याला दिसतो फक्त तुझा खाली वळलेला चेहरा. त्याला कसं कळणार तू बिल भरतेस का रील बघतेस? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तो खोटं बोलला नाही, त्याला जे दिसतं तेच तो बोलला.

म्हणून पहिली गोष्ट सांगते आणि ती करून बघच, पैसे लागत नाहीत. फोन हातात घेतलास की मोठ्याने सांगायचं कशाला घेतला. "बाबांच्या पेन्शनचं बघते, पाच मिनिटं." "गॅसचा नंबर लावते." "मावशीला फोन करते." घरात जो असेल त्याला ऐकू जाईल असं. पहिले दोन दिवस येड्यासारखं वाटेल पण बोलत राहा. ह्याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे मुलाला कळतं की आई काम करतेय आणि ते कधी संपणार, आणि दुसरं म्हणजे तुला स्वतःला कळतं, कारण कधीकधी फोन हातात येतो आणि सांगायला काही नावच सापडत नाही. नाव सापडलं नाही की फोन ठेवून द्यायचा. मी हे आमच्याकडे सून आणि नातीसोबत करते, मला स्वतःला दिवसातून तीन-चार वेळा नाव सापडत नाही.

आणि खरं सांगायचं तर तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं (अँड्रॉइड असेल तर, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम नावाने आहे) ते उघडून आठवड्याचा आकडा बघ. त्यात रात्री सगळे झोपल्यावरची रील्स पण निघतील. निघू देत, दिवसभर दुसऱ्यांचं केल्यावर माणूस अर्धा तास स्वतःचा शोधतो, मला ते समजतं. फक्त तो आकडा मुलाला पण दाखव. लपवू नकोस. त्याला म्हण हे एवढं कामाचं आहे, हे एवढं माझ्या टाइमपासचं आहे, आणि तुझं किती आहे ते पण बघू. सातवीतल्या मुलाला आईने हिशोब उघडून दाखवला की तो पण दाखवतो. लगेच नाही, पण दाखवतो.

आता वायफाय. नका काढू. मिस्टरांचा राग मला कळतो, दिवसभर नाहीतर रात्रभर मशीनवर उभं राहून घरी यायचं आणि घरात रडारड, कोणालाही वाटेल मूळच उपटून टाकावं. पण वायफाय काढलं तरी फोनमध्ये नेट आहेच, ते काढलं तर शेजारच्या मित्राकडे आहे. आणि शाळा त्यातच बसलीये, सरकार पण त्यातच बसलंय. अजून तीन-चार वर्षांत अकरावीची ॲडमिशन येईल, ती २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइनच झालीये, तेव्हा ह्याच वायफायवर सगळं घर बसून कॉलेजांचे पसंतीक्रम भरणार आहात. वायफाय काढून प्रश्न सुटत नाही, उलट सगळी कारकुनी तुझ्या मोबाइल डेटावर येईल आणि तू अजून एकटी पडशील.

त्यापेक्षा सांगलीकडच्या एका गावाचं सांगते. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, दीड तास मुलं अभ्यास करतात, माणसं बोलतात, साडेआठला परत भोंगा. लॉकडाऊननंतर मुलांचं अभ्यासात लक्षच लागेना म्हणून गावाने ठरवलं. सुरुवातीला तिथल्या लोकांना पण पटत नव्हतं, माणसं घरोघर फिरली, समजावलं, मग बसलं. मला त्यात सगळ्यात काय आवडलं सांगू, की भोंगा फक्त मुलांसाठी नाही वाजत, आईची सिरियल पण बंद होते आणि बापाचा मोबाइल पण. त्यामुळे पोरांना "मलाच का" म्हणायला जागा राहत नाही.

आता इंदिरानगरला कोण भोंगा वाजवणार. आणि तुमच्याकडे फर्स्ट, सेकंड, नाइट अशी शिफ्ट फिरते म्हणजे घड्याळातली एक वेळ ठरवलीत तर दर आठवड्याला मोडणार आणि एकदा मोडली की संपलं. म्हणून वेळ ठरवू नका, कुकर ठरवा. रात्रीच्या कुकरची शेवटची शिट्टी झाली की फोन जागेवर, तिथून जेवण होऊन ताटं उचलेपर्यंत. पाऊण तास होतो. मिस्टर सेकंडला असले तर तुम्ही तिघं, घरी असले तर चौघं, पण सगळ्यांचे फोन, मिस्टरांचा सुपरवायझरचा ग्रुप असला तरी. कंपनीला खरंच गरज लागली तर ते फोन करतील, ग्रुपवर नाही टाकणार.

आणि "जागेवर" म्हणजे खरंच जागा. आमच्या लहानपणी म्हणजे ज्यांच्याकडे लँडलाइन होती त्यांच्याकडे, फोनला क्रोशाचं कव्हर असायचं, खाली एक छोटं टेबल, शेजारी नंबरांची डायरी आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. फोन घरात एका ठिकाणी राहायचा आणि माणसं त्याच्याकडे जायची. आता तो आपल्यासोबत संडासात पण येतो. दाराजवळ चपलांच्या कपाटावर एक प्लग पॉइंट असेल तर तिथे चार्जर लाव, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून काढून घे, रात्री सगळे फोन तिथेच झोपतील. मिस्टरांना पहाटेच्या शिफ्टला गजर लागतो म्हणतील, तर गजराचं घड्याळ आणा, शालिमारला भरपूर मिळतात.

शाळेबद्दल मला जास्त बोलायचंय कारण तिथे मी दोषी आहे. मी २७ वर्षं शिकवलं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही एका रात्रीत वर्गाचे ग्रुप केले, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता, कित्येक पोरांच्या घरात एकच फोन, तो पण बाबा कामावरून आल्यावर मिळणारा, त्यामुळे अभ्यास रात्रीच टाकावा लागायचा. ते त्या दिवसांत बरोबर होतं. पण शाळा उघडल्या तरी ग्रुप राहिला आणि रात्री टाकायची सवय पण राहिली. मी स्वतः रात्री सव्वादहाला "उद्या मातीचे नमुने आणावे" असा मेसेज टाकलाय, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांनी आणले नाहीत त्यांना विचारलंय का नाही आणले म्हणून. एका मुलीने सांगितलं, बाई आई झोपली होती. तिची आई पहाटे चारला उठून मार्केट यार्डात जायची. मला ते उत्तर आजही आठवतं. तेव्हापासून मी संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काही टाकलं नाही आणि एक सांगू, काही बिघडलं नाही, फळ्यावर लिहून डायरीत उतरवून घेतलं की सगळं होतं.

बाईंची बाजू पण सांगते म्हणजे तू भांडायला जाणार नाहीस. शिक्षकांच्या फोनवर पण वरून मेसेज येतात, ही माहिती आज, हा फोटो आत्ता, ही लिंक भरून स्क्रीनशॉट टाका. ते वरचं पाणी खाली वाहत येतं आणि तुझ्या घरात पावणेदहाला पोचतं. तुझ्या मुलाच्या बाई पण कोणाच्या तरी आई असतील, त्यांच्या घरात पण हेच चालू असेल.

म्हणून ग्रुपवर लिहू नकोस. ग्रुपवर लिहिलं की पन्नास आया त्यात उतरतात, अंगठे, हात जोडलेले, मग कोणीतरी टोमणा मारतं आणि विषय बाईंच्या अब्रूवर जातो. त्या दिवशी तुला फोन करणाऱ्या आईला घे, अजून एक-दोघी घे, आणि शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकेला समोरासमोर भेटा. मागायचं थोडंच: उद्या लागणारी वस्तू आज वर्गात सांगून डायरीत लिहून द्या, ग्रुपवर संध्याकाळी सहानंतर फक्त तातडीचं म्हणजे पाऊस, सुट्टी, गाडी उशिरा वगैरे, आणि ग्रुपचं सेटिंग असं करा की फक्त ॲडमिन लिहील, म्हणजे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली खरा निरोप दबणार नाही. आणि वस्तू बाजारातून आणायची असेल तर दोन दिवस आधी. बहुतेक बाई हो म्हणतील, त्यांना पण हवंच असतं, फक्त कोणी मागत नाही.

नाही झालं तर पालक-शिक्षक संघात मांड. तुझी शाळा खासगी असेल तर राज्याच्या २०११ च्या फी नियमनाच्या कायद्याने असा संघ असायलाच लागतो, आणि महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पाऊणभर माणसं पालकांतलीच असावी लागतात. ह्या समित्या बऱ्याच ठिकाणी सहीपुरत्या राहतात कारण आपण पालक त्यात फक्त फी आणि गॅदरिंगचं बोलतो. शाळेचे निरोप घरी कसे यावेत हा विषय तिथे एकदा लेखी मांडला की तो मिनिटबुकात जातो, मग मुख्याध्यापक बदलले तरी राहतो.

आणि तोवर? रात्री आठनंतर आलेला चार्ट करायचा नाही. हो, नाहीच करायचा. साडेदहाला स्कूटी काढून उघडं स्टेशनरीचं दुकान शोधत फिरायचं नाही. डायरीत दोन ओळी लिहायच्या, "निरोप रात्री उशिरा मिळाला, चार्ट परवा देतो", खाली सही. मुलाला एक दिवस ऐकून घ्यावं लागलं तर लागू दे, त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेची पानं स्वतः गोळा करू दे, करंजाचं कोणतं आणि कडुनिंबाचं कोणतं हे तेव्हाच कळतं, रात्री आईने बाल्कनीतल्या कुंड्या ओरबाडून चिकटवलेल्या पानांतून काही कळत नाही.

मुलाने मेसेज लपवला म्हणून तुला जे लागलं ते थोडं वेगळं बघ. त्याला माहीत होतं की मेसेज सांगितला की खेळ जाणार आणि वर धावपळ. त्याने आपला खेळ वाचवला, बारा वर्षांचं पोर दुसरं काय करणार. शाळा म्हणते अभ्यास फोनवर बघ, घर म्हणतं फोनला हात लावू नको, मधल्या मधे तो. म्हणून शाळेच्या निरोपाचं काम त्यालाच दे. रोज संध्याकाळी सातला तो ग्रुप उघडेल, वाचेल, वहीत लिहील, वही फ्रिजवर लावेल. त्याचं काम, त्याची जबाबदारी. आणि त्यानंतर त्याचा खेळाचा अर्धा तास त्याच्या हक्काचा, मधे कोणी फोन ओढणार नाही. हक्काचा वेळ मिळाला की चोरायची गरज कमी होते, बंद होते असं मी म्हणत नाही.

एक मात्र लगेच बदल. तो तुझ्या फोनवर तुझ्याच खात्याने खेळतो म्हणजे त्या ॲपच्या दृष्टीने तूच खेळतेस, तशाच जाहिराती, तसेच व्हिडिओ. आणि त्याच फोनमध्ये तुझं यूपीआय आहे, बाबांच्या पेन्शनचा ओटीपी आहे. घरात जुना फोन पडला असेल तर त्यात त्याचं वेगळं खातं करून गूगलचं फॅमिली लिंक लाव, त्यात किती वेळ आणि किती वाजता बंद ते तुला ठरवता येतं. हे त्याला समोर बसवून लाव, चोरून नाही. मिस्टर परवा म्हणाले असतील की ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाच बंद केलं, ते खरं आहे, डिसेंबर २०२५ पासून केलं, पण तिथे पण जबाबदारी कंपन्यांवर टाकलीये, आईवर नाही.

वॉर्डाच्या ग्रुपचं काय करायचं ते थोडक्यात. आपल्याकडे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला, म्हणजे जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, लोक जाणार कुणाकडे, म्हणून ग्रुपवर गेले. त्यातूनच सवय लागली की खड्ड्याचा फोटो टाकला म्हणजे तक्रार झाली. नाही होत गं. ग्रुपवर दोनशे लोकांनी हळहळ केली तरी ती कुठल्याच रजिस्टरमध्ये जात नाही. तक्रारीला नंबर लागतो. महापालिकेच्या ॲपवर नाहीतर सहा विभागीय कार्यालयांपैकी आपल्या कार्यालयात जाऊन लेखी दिली की नंबर मिळतो, मग तोच नंबर नगरसेवकाला पाठवायचा, आता बहुतेक प्रभागांत चार-चार आहेत, चौघांना पाठव. दाखला, नळजोडणी, घरपट्टीला नाव लावणं अशा कामांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे, मुदतीत झालं नाही तर अपील करता येतं. आणि एखाद्या रस्त्याचं काम का थांबलं हे विचारायचं असेल तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपये आणि तीस दिवस. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खोदलेत तिथे हे प्रश्न विचारायची आत्ताच वेळ आहे.

त्या ग्रुपमधून पाण्याच्या वेळेपुरतं घे आणि बाकी म्यूट कर. पावसाळ्यात तर नक्की कर. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आल्याचा कुठल्यातरी जुन्या वर्षीचा व्हिडिओ फिरायला लागतो आणि रामकुंडाजवळ ज्यांची दुकानं आहेत त्यांची धावपळ होते. आणि पोरं पळवणारी टोळी आली, असला मेसेज दिसला तर फॉरवर्ड करायच्या आधी आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठव. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या त्या गावात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, भटक्या समाजातली माणसं, सोलापूरकडून आलेली. फोनवर फिरणाऱ्या एका खोट्या मेसेजवरून. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एकावेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. तुझा मुलगा तुझा फोन बघतो, तू काय पुढे ढकलतेस आणि काय थांबवतेस हे तो त्यातूनच शिकतोय.

आणि इथे मला तुझे सासरे आठवले. प्रेसमधून रिटायर झालेला माणूस! जिथे छपाईतली केसाएवढी चूक चालत नाही तिथे ज्याने आयुष्य काढलं तो माणूस घरात बसून पेन्शनच्या मेसेजसाठी सुनेच्या तोंडाकडे बघतोय, हे बरोबर नाही, त्यांच्यासाठी पण आणि तुझ्यासाठी पण. घरात आलेला प्रत्येक फॉरवर्ड आधी त्यांच्याकडे जाऊ दे. त्यांना सांग, बाबा नोट तपासल्यासारखा तपासा, तारीख कुठली, कोणी पाठवला, दुसरीकडे कुठे आलाय का. तक्रारींच्या नंबरांची वही पण त्यांच्याकडे दे, चष्मा लावून सुवाच्य लिहितील आणि दर सोमवारी फोन करून विचारतील, असं काम त्या पिढीसारखं कोणी करत नाही.

पेन्शनचं त्यांचं त्यांना शिकव. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो, तो जीवन प्रमाणवर आता फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून पण होतो, ते नाही जमलं तर पोस्टमन घरी येऊन करतो, थोडे पैसे घेतात. नातवाला शिकवायला बसव आजोबांना. तू मधे बोलू नकोस, दोघं भांडतील आणि करतील. फक्त दोन गोष्टी त्यांच्या फोनच्या मागे चिठ्ठी चिकटवून ठेव. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही, डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही, असा फोन आला की कट करायचा. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३०. लाज वाटून दोन दिवस घरात सांगत नाहीत म्हातारी माणसं, तोवर पैसे दहा खात्यांत फिरून जातात, म्हणून आधीच सांगून ठेव की चुकलं तरी कोणी बोलणार नाही.

मिस्टरांना लाईटबिल, गॅस आणि सोसायटीचा ग्रुप दे. ते म्हणतील मला वेळ नसतो. लंच टाइममध्ये चार मिनिटांचं काम आहे. आणि एक वेळ विसरले आणि लाइट कापायची नोटीस आली तर येऊ दे, तू धावून भरू नकोस, माझं एवढं ऐक. आपण बायका इथेच फसतो, काम देतो आणि विसरायच्या आत स्वतःच करून टाकतो, मग ते परत आपलंच होतं.

रविवारी मुलाला सार्वजनिक वाचनालयात ने, सावानात, १८४० पासूनची संस्था आहे आपली. मेंबरशिप त्याच्या नावाने घे. पुस्तक कुठलं घ्यायचं ते तू सांगू नकोस, भुताचं घेतलं तरी चालेल. येताना मिसळ खा दोघं, फोन पर्समध्ये ठेवून, त्याला पीटीच्या तासाला काय झालं ते परत विचार, मंगळवारचं असलं तरी तो सांगेल, मुलं अशा गोष्टी कोणी विचारेपर्यंत जपून ठेवतात.

एवढं करूनही तो खेळापायी जेवण-झोप सोडायला लागला, मारायला धावायला लागला, नाहीतर तुलाच रोज रात्री रडू यायला लागलं तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात. फोन करायला लाजू नकोस. तुझ्या पत्रावरून मला तशी वेळ दिसत नाहीये, तरी नंबर घरात असावा.

काच बदलायला देशील तेव्हा त्याला सोबत ने आणि दुकानदारासमोर सांग की माझ्या हातून पडला. आणि येताना चार्ट पेपर दोन-तीन जास्तीचे घेऊन ये, गुंडाळी करून कपाटावर ठेव, सातवीला सारखे लागतात.

तुझी मावशी